एंट्रीची टाळी

८ ऑक्टोबर १९५६, बॉस्टन

पडली! दारात पाऊल टाकलं मात्र, अख्खं थिएटर टाळ्यांनी दणाणलं. हॉलिवूडमध्ये घोड्यावर बसून म्हातारा झालेला ऑरिन फॉक आता नाटकात काय दिवे लावणार, असं म्हणणाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. चेहराही दाखवला नव्हता मी. नुसती चाल! एक खांदा पाडून, पाय सावकाश टाकत — अर्ध्या अमेरिकेला ती पाठ आहे. दारातच थांबलो, टाळी पुरती ओसरू दिली. असं थांबायला छाती लागते.

न्यूयॉर्कला जायच्या आधी इथे नाटक घासूनपुसून घ्यायचं म्हणे. माझ्यात घासण्यासारखं काही नाही.

९ ऑक्टोबर

आयव्ही फुरंगटली आहे. नाटकातही ती माझी मुलगीच. आई कशी गेली ते ती भाडेकरूला सांगत असते, तेवढ्यात मी मागून येतो आणि दारात उभा राहून ऐकतो. "पपा, रोज तुम्ही येता आणि माझी आई टाळ्यांत मरते!"

म्हटलं, "मग काय, टाळ्या परत पाठवू?"

हसली नाही.

१० ऑक्टोबर

आजही दणदणीत!

१२ ऑक्टोबर

दिग्दर्शक सिड लर्मनने नाश्त्यालाच गाठलं. "पोरीचं भाषण पडतंय. उद्याचा प्रयोग बघतो, नाहीतर कापतो."

"तिचं झाल्यावर येतो मी."

"बापाने ते ऐकलं नाही तर पुढे नाटक काय उरतं, तुझं कपाळ?"

"मग न थांबता आत जातो."

"जा की. आणखी जोरात वाजवतील!"

खरं आहे ते.

आयव्हीच्या खोलीत गेलो. तिने ते भाषण माझ्यासमोर नुसतं बसून म्हटलं. बाप रे, काय बोलते पोरगी! रोज तिच्या मागे उभा असतो मी, पण ऐकत होतो फक्त टाळी. लाज वाटली. हे भाषण जाता कामा नये.

१३ ऑक्टोबर

दुपारभर रिकाम्या स्टेजवर चालायला शिकलो. या वयात! आयव्ही समोर खुर्ची टाकून बसलेली.

"परत घोड्यावरून उतरलात!"

"आता?"

"आता बदक."

शेवटी हातात कोळशाची बादली, लोकांकडे पाठ, पाय फरफटत. "हं! आता तुम्ही कोणीच नाही," म्हणाली. इतकी मोठी शाबासकी मला कोणी दिली नव्हती.

१४ ऑक्टोबर

काल आत गेलो, कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. शेगडीपाशी बादली ठेवून उभा राहिलो. ती बोलत होती आणि अख्खं थिएटर चिडीचूप. पुढच्या रांगेत एक बाई तर ढसाढसा रडली. मग मी तोंड उघडलं — आवाज ओळखला, टाळी पडली! पडू दे. तिचं बोलून झालं होतं.

सिड म्हणाला, "भाषण कापत नाही. आणि तो बादलीवाला म्हातारा कुठून आणलास रे?"

अशी एंट्री या देशात दुसरा कोणी घेऊन दाखवावी!

२ नोव्हेंबर, न्यूयॉर्क

नाटक सुटल्यावर मागच्या दाराशी ही गर्दी! खिशातून पेन काढलं, टोपी मागे सारली. एक मुलगी म्हणाली, "आजोबा, जरा सरकता का? आयव्ही फॉक बाहेर येतायत."

सरकलो. रस्त्यावर जाऊन आयव्हीसाठी टॅक्सी अडवली.