माफीच्या दोन खुर्च्या

रविवार, २८ सप्टेंबर
दुपारी साडेतीन

चि. बेबीस,

ताईचे आशीर्वाद. हात सवयीने लिहून गेला. आता खोडलं तर कागद घाण दिसेल, म्हणून राहू देते.

आमच्याकडे सगळे बरे आहेत. माझा गुडघा जिना चढताना काही बोलत नाही, उतरताना मात्र शिव्या देतो. मुलाची पाळी बदलली, आता तो सकाळी सातलाच बाहेर पडतो. सून तिच्या कामात. आणि तुझी विद्यार्थिनी, म्हणजे माझी नात, आपल्या यहुदी नव्या वर्षाच्या दिवसापासून पुठ्ठ्याची सुरळी तोंडाला लावून घरभर शिंग फुंकत फिरते आहे. वर्गात तू खरं मेंढ्याचं शिंग प्रत्येकाच्या हातात दिलंस म्हणे. पंचवीस पोरांपैकी दोघांना आवाज काढता आला, बाकीच्यांची नुसती थुंकी. ही अभिमानाने सांगते, मी फुर्र केलं. मधात बुडवलेली सफरचंदाची फोड तिने फ्रॉकच्या खिशातून घरी आणली, आजीसाठी म्हणून. खिसा दोनदा धुतला तरी चिकट आहे. सण हाताने शिकवायचं तू सोडलं नाहीस, एवढं मान्य करते. सोडशील कशी? दुसरं काही तुला येत नव्हतं, आणि हेही मीच शिकवलेलं.

तुझं कार्ड शुक्रवारी मिळालं. या वर्षी डाळिंब. गेल्या वर्षी तराजू होता, त्याच्या आधी कबुतर. तिन्ही कार्डं समोर मांडून बसले आहे. आतलं छापील वाक्य तिन्हींत एकच: 'माझ्याकडून कळत नकळत कुणी दुखावलं गेलं असेल तर क्षमा असावी.' खाली तुझी सही, तीही आता किती झोकदार झाली आहे. पूर्वी माझ्या हाताखाली मदतनीस होतीस तेव्हा हजेरीच्या वहीत कोंबडीचे पाय काढायचीस.

तू मोजते आहेस हे मला कळत नाही असं समजू नकोस. त्याच बाबांच्या मांडीवर आपण दोघी बसलो होतो. योम किप्पुरचा, प्रायश्चित्ताचा उपवास धरण्याआधी ज्याचं वाईट केलं त्याची माफी मागायची. नाही दिली तर पुन्हा मागायची, तरी नाही दिली तर तिसऱ्यांदा. तीनदा मागूनही जो दगडासारखा बसून राहील, पाप त्याच्या माथी. मागणारा मोकळा. म्हणजे तीन पाकिटं पेटीत टाकून तू सुटलीस आणि गप्प बसले म्हणून पापी ठरले मी. डाव बरा टाकलास, बेबी. लहानपणी सागरगोट्यांतसुद्धा तू अशीच, हरायला लागलीस की नियम काढायचीस.

पण एक विसरलीस. तो नियम मीही वाचला आहे, आणि वर्गात आणला तोही मीच.

गुरुवारी नात शाळेतून आली ती दप्तर न काढताच स्वयंपाकघरातलं स्टूल ओढत बाहेर घेऊन आली. त्याच्यासमोर दुसरं ठेवलं. मला हाताला धरून एकावर बसवलं, स्वतः दुसऱ्यावर बसली. पाय हवेत लोंबत होते. मग माझ्या डोळ्यांत बघत म्हणाली, "आज्जी, तुझ्या चष्म्याची काडी मी मोडली आणि मांजरानं मोडली असं सांगितलं. मला माफ कर." मला हसू आवरेना. कारण आमच्याकडे मांजर नाही. शेजाऱ्यांचं येतं कधीमधी, त्या बिचाऱ्याला मी तीन दिवस हाकलत होते. मी माफ केलं म्हटल्यावर ती उतरली आणि मला तुझ्या वर्गाचे नियम ऐकवले. समोरासमोर बसायचं. काय केलं ते नाव घेऊन सांगायचं. 'चुकलं असेल तर' म्हणायचं नाही, 'चुकलं' म्हणायचं. चिठ्ठी चालत नाही, चित्र काढून दिलेलं चालत नाही, आईला पाठवलेलं चालत नाही.

नियम ओळखीचे वाटतात का? मला वाटले. निळी खुर्ची मागणाऱ्याची, लाल खुर्ची देणाऱ्याची. त्या खुर्च्या मी स्वतः रंगवल्या होत्या, जिन्याखाली बसून, तू तेव्हा ब्रश धुवून द्यायचीस. एकोणीस वर्षं मुलं त्यांच्यावर बसत आली. चावलेलं, ओरबाडलेलं, खडू चोरलेलं, सगळं त्या दोन खुर्च्यांत निवळायचं.

तर तुझ्याच नियमाने, म्हणजे माझ्याच, तुझी तिन्ही कार्डं बाद. तू एकदाही मागितलेली नाहीस. मोजणी शून्यावर आहे.

एवढं लिहून पत्र बंद करणार होते. पण नातीच्या दप्तरात ते निमंत्रण सापडलं. बुधवारी सकाळी दहा वाजता, उपवासाच्या आदल्या दिवशी, बालवर्गाचा खुला तास. पालक, आजी-आजोबा आणि कमिटीचे सर्व सदस्य यांना आग्रहाचं बोलावणं. आणि खाली ठळक अक्षरांत: 'माफीच्या दोन खुर्च्या, मोठ्या बाईंचा अभिनव उपक्रम.'

अगं, अभिनव! तुझ्या जिभेला काही हाड? घरात आजही सगळे तुला बेबी म्हणतात आणि शाळेत तू मोठ्या बाई, इथवर मी गिळलं. शाळेतल्या माझ्या जागेवर बसलीस, माझ्या कपाटाची किल्ली घेतलीस, माझी गाणी मुलांकडून म्हणवून घेतलीस, तेही गिळलं. पण माझ्या हातच्या खुर्च्यांवर स्वतःचं नाव घालून त्याच माणसांना बघायला बोलावतेस, ज्यांच्यासमोर तू माझा गळा कापलास?

हो, कापलास. तू कार्डात लिहीत नाहीस, म्हणून मी लिहिते. पुढच्या हनुक्काला त्याला तीन वर्षं होतील. दिव्यांच्या सणाचा आठवा दिवस, सगळ्या मेणबत्त्या लावायचा दिवस. एका मुलीचा तळहात भाजला. दुसऱ्या दिवशी कमिटीसमोर तू डोळ्यांना पदर लावून म्हणालीस, "कार्यक्रम माझा होता, पण मेणबत्त्यांचं काम नेहमी ताईकडेच असतं." नेहमी! खोटंही नाही बोललीस धड. एकोणीस वर्षं माझ्याकडे होतं, खरंच आहे. फक्त त्या वर्षी नव्हतं. त्या वर्षी मेणबत्त्यांसकट सगळा कार्यक्रम तुझा होता. कमिटीच्या दाढीवाल्या अध्यक्षांनी सांगितलं होतं, यंदा धाकट्या बाईंना करू द्या, त्यांच्याकडे नव्या कल्पना आहेत. नवी कल्पना काय, तर मी दरवर्षी लाकडी पट्टीवर लोखंडी नट चिकटवून त्यात मेणबत्त्या बसवायचे, त्याऐवजी तू मुलांकडून ओल्या मातीची कडी करून घेतलीस. फोटोत छान दिसतात म्हणून. माती एका रात्रीत वाळत नाही हे वर्गातल्या मुलांनाही माहीत होतं. मी खडूची रेघ मारून मुलांना मागे उभी करायचे, तू त्यांना टेबलाला खेटून उभं केलंस. तेही फोटोसाठी.

आणि मग खापर माझ्या डोक्यावर. कमिटीने मला चहा पाजला, शाल दिली, आणि सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं.

त्यानंतर लोक काय काय म्हणाले ते तुला माहीत नसेल. बहिणीवर बोट दाखवायला नको म्हणून मोठी गप्प बसली, केवढं मन, असं म्हणाले. सिनेगॉगच्या पायरीवर बायका माझा हात हातात घेतात. सून तर मला देवीसारखी जपते. मी मान खाली घालते, आणि त्यांना ते अजूनच थोर वाटतं.

बेबी, मी मोठ्या मनाने गप्प बसले नव्हते.

नातीने माफी मागितली ना, त्यानंतर तिने स्टूल उचललं नाही. म्हणाली, "आता तू निळ्यावर बस. तुला कोणाची मागायची आहे?" पोरीला मी म्हटलं, आजीने काही केलेलं नाही, जा हात धू. ती गेली. मी तशीच बसून राहिले. डाळ करपली तेव्हा उठले.

तेव्हा आता ऐक. त्या दिवशी मी दारात उभी होते. खाऊचं ताट हातात होतं. तू पाठमोरी होतीस, पालकांकडे बघून हसत होतीस. मला तुझ्या शेवटच्या दिव्यातली मेणबत्ती दिसली. मातीचं कडं फाकलं होतं आणि ती हळूहळू कलत होती. एकोणीस वर्षांत मी अशा शंभर मेणबत्त्या वेळेवर धरल्या असतील. चार पावलं होती. 'बेबी, मेणबत्ती' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

मी म्हटलं नाही. मी मनात म्हटलं, पडू दे.

मला वाटलं टेबलावर पडेल. नवं पांढरं टेबलक्लॉथ होतं, तुझ्या कौतुकाचं. त्याला भोक पडेल, अध्यक्ष दचकतील, कुणीतरी हसेल, आणि तुझं तोंड लाल होईल. एवढंच हवं होतं मला. एका टेबलक्लॉथची माझी हाव. मी बघत उभी राहिले आणि मला मजा वाटत होती. आणि ती दोन वेण्यांची पोरगी, जिला मी पडणारी प्रत्येक वस्तू झेलायला शिकवलं होतं, रंगाची बाटली, ठोकळे, पेन्सिल, तिने हात पुढे केला आणि झेललं.

म्हणून कमिटीसमोर माझं तोंड उघडलं नाही. 'मी मेणबत्त्यांपाशी नव्हते' असं म्हणाले असते, तर कुणीतरी विचारलं असतं, मग कुठे होतात? तू खोटं बोललीस आणि मी तुझ्या खोट्याच्या आड लपले. पावणेतीन वर्षं मी तुझा राग राग केला आणि तोच पांघरून झोपले. तुझ्यावर चिडलेली असले की त्या पोरीचा हात डोळ्यांसमोर येत नसे.

आता तुला वाटेल, ताई विरघळली. मुळीच नाही. उलट तीन वर्षांत पहिल्यांदा मला तुला गाठायचा रस्ता दिसला आहे.

काल संध्याकाळी शनिवारचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, संपल्यावर मी त्या मुलीच्या घरी गेले. आजवर तिच्या आईला लांबून पाहिलं की मी रस्ता ओलांडायचे. बाई कपडे शिवते, मशीनवरून उठली आणि मला पाणी दिलं. मुलगी सात वर्षांची झाली आहे. तळहातावर बटणाएवढा गुळगुळीत डाग आहे. मूठ पूर्ण मिटत नाही, थोडी राहते. तिने मला मिटून दाखवली, नवे मोजे दाखवावेत तशी. मी तिच्या आईला इतकंच म्हटलं की बुधवारी दहा वाजता हिला बालवर्गात घेऊन या, मला हिच्याशी बोलायचं आहे, सगळ्यांसमोर. ती येणार आहे.

तर बुधवारी असं होईल. तू अभिनव उपक्रमाची ओळख करून देशील. मुलं एकेक जोडीने बसतील, पालक डोळे पुसतील, अध्यक्ष दाढी कुरवाळतील. मग तू विचारशील, आणखी कुणाला बसायचं आहे का? तू विचारतेसच, मी शिकवलंय तुला तसं. मी मागच्या रांगेतून उठेन. गुडघा दुखेल, वेळ लागेल, लोक वळून बघतील. लाल खुर्चीवर ती मुलगी बसेल आणि निळ्या खुर्चीवर मी. खुर्ची लहान आहे, मी मावणार नाही, मुलं हसतील, हसू देत. मी काय केलं ते नाव घेऊन सांगेन. दारात होते, दिसलं होतं, बोलले नाही, आणि का बोलले नाही तेही. माझी थोरवी तिथेच फरशीवर पडेल. सून तिथेच असेल, तिचं तोंड बघायची मला भीती वाटते. तरी सांगेन.

तुझं नाव मी घेणार नाही. शपथ घेते. तुझ्याविषयी एक अक्षर नाही, नजरसुद्धा वळवणार नाही. पण मी दारात होते हे एकदा बोलले की खोलीतला प्रत्येक माणूस स्वतःच विचारेल, मग मेणबत्त्यांपाशी कोण होतं? मुलगी लाल खुर्चीवरून उठणार नाही. तिला मी सांगून ठेवलं आहे की अजून कुणी येईल कदाचित, थोडी थांब. मी उठेन, आणि निळी खुर्ची रिकामी राहील, पंचवीस मुलांच्या समोर, ज्यांना तू पाठ करून घेतलं आहेस की चिठ्ठी चालत नाही.

बसलीस तर सगळ्यांसमोर बसशील. नाही बसलीस तर सगळ्यांसमोर नाही बसलीस. मला दोन्ही चालेल. त्या मुलीची माफी मला मिळेल न मिळेल, तो तिचा हक्क. पण तुझा चेहरा त्या क्षणी कसा होतो ते मला बघायचं आहे, आणि हे मला वाटतं याचीही माफी मागावी लागणार आहे. ती उपवासाच्या दिवशी मागेन, थेट देवाकडे.

माझ्याकडे यायचं असेल तर त्यानंतर ये. एकटी, कार्डाशिवाय. दोन्ही स्टुलं अजून बाहेरच्या खोलीत समोरासमोर आहेत. नात कुणाला हलवू देत नाही.

हे पत्र उद्या तिच्या दप्तरातून तुझ्याकडे पोचेल. तिला मधल्या सुट्टीत स्वेटर घालायला सांग, सर्दी आहे. बुधवारपर्यंत तुला दोन दिवस मिळतात. तुझ्यापेक्षा मी तेवढी बरी, मी तुला आधी सांगते आहे. त्या दिवशी सांगितलं नव्हतं.

तुझी,
दारात उभी असलेली
ताई