शेहेचाळिसाव्या नावाचा अंगठा

प्रिय चोना वहिनी,

आपण जिंकलो. बाकीचं क्रमानेच सांगते, तशी मला सवय आहे.

गिरणीवर मक्याची पाटी घेऊन तू उभी राहिलीस की बायका काय बोलतात, ते मी ऐकलं आहे. “नबोर दर महिन्याला पगार उचलतो म्हणे, मग तो पडतो कुणाच्या पदरात?” दोन वर्षं पगारपत्रकात त्याच्या नावापुढे पैसे मिळाल्याची फुली होती आणि घरी एक पेसो येत नव्हता. तू मान खाली घालून दळण घेऊन परत यायचीस. मीही माझ्या भावाची बाजू घेतली नाही. हातात पुरावा नव्हता.

राजधानीत मी बोटांच्या ठशांचं काम शिकले, तेव्हा तू हसली होतीस. मार्चमध्ये नबोरच्या गावरक्षक पथकाचा पगार वाटणारा अधिकारी हिवतापाने आडवा झाला. वरून हुकूम आला होता: फुल्या बंद, अंगठे घ्या. बदली जायला कुणी तयार होईना. मी गेले. तिथे मी नुसती ‘सेन्योरिता’, राजधानीहून आलेली बाई. आडनाव कुणी विचारलं नाही.

पथकाचा प्रमुख कॅप्टन उरेआ म्हणाला, “पगाराची थैली माझ्याकडे द्या, उन्हात कशाला रापता?” मी म्हटलं, नियम आहे, नाव पुकारायचं, माणूस पुढे आला की पैसे त्याच्याच हातावर. शाईची गादी पाहून तो शिपायांना म्हणाला, “चला रे, सेन्योरिता नखं रंगवून देणार आहेत!” सगळे हसले. मीही थोडी हसले.

पत्रकात बासष्ट नावं. शेहेचाळिसावं नाव नबोर केसादा. मी ते पुकारलं तेव्हा आवाज बदलला नाही, हे मुद्दाम कळवते. “हजर!” म्हणत एक बुटका माणूस आला. टोपी नवी, अंगठा स्वच्छ, पण हाताला रॉकेलचा वास. मी ठसा घेतला, भिंगाखाली धरला, आणि सातव्या नावाचा ठसा शेजारी ठेवला. अंगठ्यावर आडवा व्रण, दोन्हीकडे तोच. मी म्हटलं, “शाई पुसलीस, अंगठा कुठे पुसशील?” रांगेतून कुणीतरी ओरडलं, “अरे, हा दोन जन्मांचा पगार एकाच जन्मात घेतोय!” या वेळी हसू कॅप्टनवर होतं. संध्याकाळपर्यंत एकवीस खोटी नावं निघाली, त्यांचा पगार कॅप्टनच्या खिशात जात होता, आणि थैलीसोबत आलेल्या शिपायांनी त्याला पहाऱ्यात घेतलं.

मग म्हातारा हवालदार एलेउतेरिओ टोपी काढून माझ्यासमोर उभा राहिला. नबोरला त्याने स्वतःच्या हाताने पुरलं होतं. नदीच्या उताराजवळ, दोन वर्षांपूर्वी, बारा फेब्रुवारीला, गोळी लागून. “तोंड उघडलंस तर तूही त्याच्या शेजारी,” असं कॅप्टनने त्याला बजावलं होतं. नबोरच्या खिशातला गाठ मारलेला दोरा त्याने जपून ठेवला होता. तुमच्या पोरीच्या पावलाचं माप. पहिल्या पगारात तो तिला चपला घेणार होता.

दोरा या पाकिटात आहे, आणि नबोरच्या नावापुढे मी स्वतः लिहिलेल्या मृत्यूच्या नोंदीची शिक्क्याची नक्कलही. तिच्यावर पेन्शन सुरू होईल. पण पत्र मी त्यासाठी लिहिलेलं नाही. ते गिरणीवर, रांग भरलेली असताना, मोठ्याने वाचण्यासाठी लिहिलं आहे. म्हणून अक्षर एवढं ठळक काढलंय. दोन वर्षं तुला रडायचीही सोय नव्हती. आता काळी शाल घे, मान वर ठेव आणि जा. वहिनी, तू टाकलेली बाई नव्हतीस. एक दिवसही नव्हतीस.

नबोरची बहीण आणि तुझीच,
ओतिलिया