डोंगरातली दोन पदरी भिंत

माय, मी डोंगरात जाऊन आले. आपल्याकडच्या टेकाडासारखा डोंगर नव्हे. मान पार मागं टाकली तरी माथा दिसत नाही, असले हिमाचलातले डोंगर. तुझी नात, जिला तू पाहिलं नाहीस, ती बांधकामाचं शिकली आणि आता तिथल्या एका गावात पडलेली शाळा उभी करायच्या कामावर आहे. गेल्या पावसाळ्यात तिथं दरड कोसळली. "आई, आठ दिवस रजा काढ आणि ये, बघून तर जा," म्हणाली. मी नांदेडच्या दवाखान्यात रजेचा अर्ज दिला आणि गेले. तिथं काहीही नवं दिसलं की माझ्या मनात यायचं, इथं मायनं काय विचारलं असतं?

कारण तू विचारायचीस फार. भूकंप झाला तेव्हा मी सातवीत होते. आपलं गाव रेणापूरकडचं, तिथं घरं पडली नाहीत, पण घरोघरी भिंतींना भेगा गेल्या आणि लोक कितीतरी दिवस अंगणात पत्र्याखाली झोपले. मग जुनी घरं पक्की कशी करायची ते शिकवायला एक तरुण इंजिनिअर आला. पुढं गवंडी बसलेले, आणि त्यांच्या हाताखाली दगडमाती वाहणारी तू मागं उभी, डोक्यावरची चुंबळ तशीच. "काही शंका?" साहेबानं विचारलं. मागून तू म्हणालीस, "सायेब, तिकडल्या गावांत येवढी हातभर जाड भिंत, ती पडली. आन् कुडाची झोपडी हाय तशी उभी. आसं कसं?" तो हसला नाही. त्यानं तुला पुढं बोलावलं आणि जमिनीवर फळी ठेवून तिच्यावर खड्यांची एक छोटी भिंत रचली. आपली भिंत एक नसते, म्हणाला, दोन असतात, एक आतली, एक बाहेरची, मधे नुसत्या दगडाच्या चिपा आणि माती. त्यानं फळी हलवली, आणि दोन्ही पदर दोन बाजूंना ढासळले. मग मधे मधे लांब खडे आडवे, आरपार घालून पुन्हा रचली, पुन्हा हलवली. थोडे खडे घरंगळले, भिंत राहिली. "मला हलवू द्या," तू म्हणालीस.

त्या संध्याकाळी तू चुलीपुढं बसली आहेस, तव्यावर भाकरी आहे, आणि तू उलथण्याच्या दांड्यानं मागची भिंत वाजवून पाहतेस. "आयक गं, हितं पोकळ वाजून राहिलंय." भाकरी करपते. दुसऱ्या दिवशी आप्पा शेतातून आले तर तू माळवदावर चढून खोऱ्यानं छपराची माती खाली लोटत होतीस. "याड लागलंय का तुला?" आप्पा खालून ओरडले. "उन्हाळ्यात भाजून निघू!" तू वरूनच म्हणालीस, "भाजलं तर उठून बाहीर जाता येतंय. दबल्यावर कुठं जाता?" आप्पा दोन दिवस तुझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तेच खोरं घेऊन वर चढले.

मग तू गावात घरोघरी जायला लागलीस. भिंतीला भोक पाडून आरपार सळई आणि काँक्रीट कसं भरायचं, ते गवंड्यांच्या बरोबरीनं सांगायला लागलीस. एका मोठ्या घरच्या म्हाताऱ्यानं तुला दारातच अडवलं होतं. मी तुझ्या पदराला धरून उभी होते. "आमच्याच घरात दगड वाहिलेस आन् आता आम्हालाच शिकवून राहिलीस व्हय?" तू आवाज चढवला नाहीस. "दगड म्या वाहिले म्हणूनच ठावं हाय, आत काय भरलंय ते." म्हातारा दारातून बाजूला झाला.

डोंगरात मी एका म्हातारीच्या घरी उतरले होते. तिची पहाडी हिंदी, माझी मराठवाड्याची. मी "नक्को" म्हटलं की ती खदखदून हसायची. तिचं घर बघून मी चक्रावलेच. लाकडाची तुळई, तिच्यावर दगडाचा थर, पुन्हा तुळई, पुन्हा दगड. ना माती, ना सिमेंट. "धरती हलली तर?" मी विचारलं. "घरही हलतं तिच्यासोबत," ती म्हणाली. "हलून पुन्हा जागेवर बसतं." दरड आली तेव्हा भर दुपार होती आणि ती समोरच्या उतारावर गवत कापत होती. देवदाराची झाडं उभीच्या उभी खाली चालत आली, म्हणाली. आधी ती बघतच राहिली, भीती नंतर वाटली. दिराचं नवं सिमेंटचं घर दरीत गेलं. माणसं सफरचंदाच्या बागेत होती म्हणून वाचली. तिचा गोठा आणि दोन गाई गेल्या. तिचं घर दरडीच्या वाटेत नव्हतं, एवढंच. भिंत कितीही चांगली असली तरी खालची जमीनच निघाली तर काय करणार? हे मी तिला विचारलं. तिनं खांदे उडवले, चुलीत लाकूड सारलं आणि मलाच विचारलं, "तुमच्याकडं काय केलं लोकांनी?"

तिचा नवा गोठा दगडाचा होत होता. एवढं लाकूड आता मिळत नाही, आणि गवंडी बाहेरगावचे. चौथ्या दिवशी चहा पीत मी काम बघत होते आणि माझ्या लक्षात आलं, माय, दोन पदर! मधे चिपा. मी कप खाली ठेवला आणि जाऊन म्हटलं, मधे मधे लांब दगड घाला, आरपार. गवंडी हसला. "बहनजी, तुम्ही तर नर्स आहात ना?" मला राग आला नाही, उलट जरा मजाच वाटली. मी एक फळी मागितली, खडे गोळा केले, खाली बसले आणि दोन्ही भिंती रचल्या. पहिली मी हलवली. दुसरी त्यानं हलवली, मग पुन्हा एकदा, जरा जोरानं. उठला, हात झटकले आणि सकाळपासून रचलेली भिंत उतरवायला लागला. म्हातारी लांब दगड शोधायला निघाली, मी तिच्या मागं. संध्याकाळपर्यंत भिंत कमरेएवढी झाली, आणि मी स्वतः मोजलं, दर दोन हातांवर आरपार दगड.

शाळेचं काम बघायला आलेल्या एक इंजिनिअर बाई हे सगळं पाहत थांबल्या होत्या. तुझी नातही होती, हातात वही. बाईंनी कौतुकानं विचारलं, "हे तुम्ही कुठं शिकलात?"

मी म्हणाले, "वाचलं होतं कुठल्याशा पुस्तकात."

का म्हणाले ते मला अजून नीट कळत नाही. नर्सिंगच्या प्रवेश अर्जावर आईचा व्यवसाय लिहायचा होता, तिथं मी 'गृहिणी' लिहिलं होतं. तेव्हा तू मागंच उभी होतीस. तुला वाचता येत नव्हतं, आणि काय लिहिलंस म्हणून तू विचारलंस तर मी म्हणाले, नाव. पण तेव्हा मी सतराची होते. आता कुणापासून काय लपवायचं राहिलंय?

परत येऊन पंधरा दिवस झाले. गेल्या रविवारी पोरीचा फोन आला. गोठ्यावर पत्रे चढले, म्हातारीनं गाय आणली, आणि तो गवंडी आता खालच्या गावात तशाच भिंती बांधतोय. मग म्हणाली, "आई, ते पुस्तक कुठलं गं? आमच्या साईटवर सगळ्यांना वाचायला द्यायचंय."

मी म्हणाले, शोधून सांगते. अजून सांगितलेलं नाही.