कोरेगावच्या घराचं कुलूप

१४ डिसेंबर १९४५, सकाळी
स्वयंपाकघरात उंदीर पडला. पेठेत दोघांना प्लेगच्या गाठी आल्याच होत्या. कोरेगाव उठलं. आम्हीही माळावर झोपडी घातली. भांडी, धान्य, देव, सगळं आणलं. घरात राहिला तो मोडका पाट. निघताना कुलूप ओढून पाहिलं. परत पाहिलं. पद्मा म्हणाली, बैलगाडी खोळंबलीय. मी घाबरट नव्हे, शिस्तीचा आहे.

दुपारी
कुलूप लागलं असेल ना?

१६ डिसेंबर
हात धुतले. साबण संपत आला, आणि लढाईपासून तो मिळतोय कुठे. पद्मा म्हणते, हातांची सालं निघाली, आता पुरे. शाळेत सायन्स मी शिकवतो, ती नव्हे.
शेजारच्या झोपडीत नाथाजी. पलटणीतून पेन्शनीत आलेला हवालदार. त्याची ऑर्डर अशी की, जो गावात जाईल त्यानं वड्यापल्याड एकट्यानं ऱ्हायाचं, मग तो कुणी का असंना. एकदम करेक्ट. बेशिस्त लोकांची मला चीड आहे.

१७ डिसेंबर
जाऊन आलो. दार उघडलं नाही, म्हणजे खरं तर गेलोच नाही. कुलूप पक्कं. विषय संपला.

१८ डिसेंबर
गेलो. काल ओढलं खरं, पण लक्ष नव्हतं.

२० डिसेंबर
पद्माला कळलं. ती रागावली नाही, त्याचीच धास्ती वाटली. तिला सहावा महिना. म्हणाली, परत गेलात तर सांगलीहून शरच्चंद्रदादाला बोलावून माहेरी जाईन. बाळाचं तोंड मग प्लेग गेल्यावर बघा. देवासमोर शपथ घेतली. हात धुतले होते की नव्हते? धुऊन परत घेतली. ती हसली. फार बरं वाटलं. ती नसली तर मला करमायचं नाही.

२२ डिसेंबर, सकाळी
अगदी शेवटचं. आज चांगलं जोर लावून ओढतो, म्हणजे मनातला किडा कायमचा जाईल.

दुपारी
कोयंडाच उपटून हातात आला. कुलूप मात्र पक्कं. आता दार उघडं टाकून जाऊ कसा?

२५ डिसेंबर
ओट्यावर बसून राखण करतोय. गावात चिटपाखरू नाही. नाथाजी वेशीवर भाकरी ठेवून लांबूनच ओरडला, की मास्तर, आता तितंच ऱ्हावा, हिकडं येऊ नगा. वैनी भावासंगं गेल्या ठेसनावर. तिचा निरोपही सांगितला: आत मोडका पाट आहे, तेवढा सांभाळा.
आत जाऊन बघितलं. पाट आहे.
भाकरीच्या फडक्यात साबणाची कोरी वडी निघाली. कुठून मिळवली तिनं, कोण जाणे. सांगलीच्या गाडीची शिटी झाली. वडी हातात धरून बसलो. हात धुतले नाहीत.