एकशे त्रेसष्ट हजर

मंगळवार, दिनांक ४ जुलै २००६. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. भाकरवडीचे सारण परातीत पसरून निवत ठेवले आहे. ते निवेपर्यंत हात मोकळे आहेत.

तीर्थस्वरूप उल्हासमामा यांस,

सारंगचा दोन्ही हात धुऊन, पुसून आणि मगच जोडून नमस्कार. मामींनाही तोच, आणि तो त्यांच्यापर्यंत न विसरता पोचवावा (मागचा पोचला नाही असे आईने कळवले). आपला गुडघा कसा आहे? पंचायतीच्या पायऱ्या चढताना चांगला पाय आधी टाकावा असे डॉक्टर म्हणाले होते, ते पाळता ना? आई आपल्या शेजारीच राहते म्हणून मला इथे तिची काळजी वाटत नाही, हे आपले उपकार. माझी प्रकृती उत्तम आहे. फक्त गेले तेरा दिवस झोप नाही, आणि त्याला कारण थोडेसे आपणच आहात. रागावू नये. सगळे क्रमाने लिहितो.

आपल्याला माहीत आहेच की मी हॉलंडमध्ये अ‍ॅमस्टेलव्हीनच्या पलीकडच्या या छोट्या गावात शामलाताईंच्या फरसाणाच्या दुकानात आचारी आहे. बारावीत दोनदा गटांगळी खाल्लेल्या मुलाला विमानाने परदेशी आणून भाकरवड्या करायला लावणारी बाई म्हणजे देवमाणूसच, पण माझ्या कामाच्या परवान्यावर तिच्याच दुकानाचे नाव आहे. दुकान बंद झाले तर परवाना गेला, आणि परवाना गेला तर मी पुन्हा आपल्या ओट्यावर. हे एवढे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

मे महिन्यात खमेन्टेचे पत्र आले (खमेन्टे म्हणजे नगरपालिका, उच्चार घसा खाकरल्यासारखा करावा). आमच्या रस्त्याला जमिनीखालची कचरापेटी मिळणार. वर फक्त लोखंडी तोंड, खाली विहिरीएवढी टाकी, आणि रस्त्यातल्या सगळ्या घरांनी आपापली पिशवी तिथे आणून टाकायची. जागा: आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. मी फूटपट्टीने मोजले, खिडकीपासून दोन मीटर चाळीस. शामलाताईंनी पत्र वाचले, घडी केली आणि म्हणाल्या, "सारंग, पेटी आली की मी गाळा सोडला. बाळांच्या लंगोटांच्या वासात भाकरवडी कोण घेणार रे? आणि नवा गाळा मिळेपर्यंत तुला काय माझ्या माळ्यावर लपवू?"

पण त्याच पत्रात पुढे लिहिले होते, की नकाशा अजून पक्का नाही, रहिवाशांनी सभेला यावे, कॉफी घ्यावी आणि आपले म्हणणे सांगावे. मला हे खरे वाटेना, म्हणून शब्दकोश घेऊन तीनदा वाचले. खरेच होते. इथे बाक हलवायचा असला तरी आधी बाकावर बसणाऱ्यांना विचारतात. सभा २१ जूनला संध्याकाळी साडेसातला, शाळेच्या हॉलमध्ये. शामलाताई म्हणाल्या, लोकांचे मत पोटातून वळते, आणि मला साठ बटाटेवडे तळायला लावले.

मामा, पाच माणसे आली. त्यात एक मी, आणि एकाला खरे म्हणजे योगवर्गाला जायचे होते. कारण त्या रात्री नऊ वाजता हॉलंडचा अर्जेंटिनाशी फुटबॉलचा सामना होता. सभेच्या अधिकारी हानेकेबाई, वय पन्नासच्या आसपास, स्वभाव गरीब. त्यांचे म्हणणे, सभा साडेआठला संपते, सामना नऊला, मग अडचण कुठे येते? (कोटाच्या आत त्यांनी स्वतःही हॉलंडच्या संघाचा नारिंगी शर्ट घातला होता.) मी माझे म्हणणे मांडले. त्यांनी टिपून घेतले आणि खिन्नपणे म्हणाल्या, "सारंग, पाच जणांच्या सांगण्यावरून मी नकाशा कसा बदलू? निदान शंभर तरी आले असते!"

मामा, 'शंभर' ऐकले आणि मला तिथे, त्या परक्या हॉलमध्ये, आपला आवाज ऐकू आला. ग्रामसभेला शंभर माणसे लागतात आणि येतात सतरा, तेव्हा सरपंच म्हणून आपण काय म्हणायचात? "लोक सभेला येत नाहीत ना, मग सभेने लोकांकडे जावं." आणि हजेरीपुस्तक काखेत मारून आपण दारोदार निघायचात. चार दिवसांत कोरम पूर्ण, तोही सभा होऊन गेल्यावर. मला हीच पद्धत माहीत. जगात दुसरी असते हे मला कुणी शिकवले नव्हते.

हानेकेबाईंना सामन्याची घाई होती. मी म्हणालो, कप मी विसळतो, खुर्च्या मी रचतो, आणि हजेरीचा कागदही मीच सोमवारी कचेरीत आणून देतो. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले. (त्या क्षणी त्यांनी कागद स्वतःजवळ ठेवला असता तर आज मी झोपलेला असतो.)

गुरुवार ते रविवार मी दुकान बंद झाल्यावर निघत होतो. इथे जूनमध्ये रात्री दहापर्यंत ऊन असते, त्यामुळे कुणाला अवेळी आल्यासारखे वाटले नाही. मी कुणाशी खोटे बोललो नाही. "कचरापेटीच्या सभेसाठी सही हवी आहे," एवढेच म्हणायचो. वर 'उपस्थित' असे छापलेले होते, पण ते पहिल्या पानावर, आणि जादा पाने मी स्वतः पट्टीने आखली होती. मला वाटले दारातच सही होईल. पण इथली माणसे सही अशी देत नाहीत. आत बोलावतात, कॉफी देतात आणि आपले म्हणणे पहिल्यापासून सांगतात. चौथ्या क्रमांकाच्या घरातल्या आजीबाईंनी पेटीचे चित्र काढून दाखवले. आपले पुण्याचे एक कुटुंब तिसऱ्या मजल्यावर आहे, तिथल्या गृहस्थांनी आधी विचारले, "हे कंपल्सरी आहे का?" मग नकाशातल्या दोन चुका काढल्या, मग बायकोचीही सही स्वतःच केली. त्यांच्या मुलीला मी मराठीत विचारले, तुला काय वाटते. तिने डचमध्ये उत्तर दिले आणि माझा उच्चारही सुधारला. माणूस इतके मनापासून सांगतो आहे आणि आपण नुसती सही घेऊन निघायचे, हे मला बरे वाटेना. म्हणून मी एका वहीत प्रत्येकाचे म्हणणे लिहीत गेलो. घर क्रमांक, नाव, वेळ, मत. अर्थात मराठीत. एकशे अठ्ठावन्न मते. सभेतले पाच धरून सह्या एकशे त्रेसष्ट.

सोमवारी लिफाफा कचेरीत दिला. हानेकेबाई रजेवर होत्या. त्यांच्या जागी बसलेल्या माणसाने आकडा पाहिला, पुन्हा पाहिला, आणि आनंदाच्या भरात वर्तमानपत्राला फोन केला.

बुधवारी इथले फुकट वाटायचे साप्ताहिक आले. तिसऱ्या पानावर वर मथळा: कचरापेटीच्या सभेला विक्रमी गर्दी, एकशे त्रेसष्ट रहिवासी उपस्थित. आणि त्याच पानावर खाली मोठा रंगीत फोटो: २१ जून, संध्याकाळी आठ, चौकातल्या मोठ्या पडद्यासमोर आमचा अख्खा रस्ता, गालांना नारिंगी रंग फासून. पुण्याचे गृहस्थ पहिल्या रांगेत, डोक्यावर कापडी सिंह.

गुरुवारी सकाळी हानेकेबाई दुकानात आल्या, एका हातात साप्ताहिक, दुसऱ्यात माझा लिफाफा. माझ्या हातातला झारा कढईत पडला. मी मनातल्या मनात बॅग भरली, आणि मग सगळे कबूल केले, आपले नाव आणि हुद्दा यांसकट (क्षमा असावी). त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी एवढेच विचारले, "म्हणजे तू खरोखर प्रत्येकाच्या घरी गेलास? आणि लोक बोलले?" मी वही दाखवली. त्यांना एक अक्षर वाचता येईना, पण त्या पाने उलटत राहिल्या. म्हणाल्या, "तीन वर्षं मी हॉल भाड्याने घेते आहे." मला वाटले आता रडतात. मी त्यांना ढोकळा दिला.

सह्या रद्द झाल्या. माझ्याकडून लेखी माफी घेतली (मसुदा मी चार वेळा लिहिला). आणि ठरले असे, की सोमवारी ३ जुलैला पुन्हा सभा घ्यायची आणि तिथे मी माझी वही डचमध्ये वाचून दाखवायची. मी 'हो' म्हणालो, खोलीवर गेलो आणि पहिल्यांदाच मतांची बेरीज केली.

मामा, एकशे अठ्ठावन्नपैकी एक्क्याण्णव जणांना पेटी आमच्याच खिडकीसमोर हवी होती. कारण, तिथे ते रोज येतातच. वडे न्यायला. बावीस जणांना पुलाजवळ हवी, चौदा जणांना कुठेच नको, आणि उरलेले एकतीस फुटबॉलविषयी बोलले. मीच दारोदार जाऊन, कॉफ्या पिऊन, सुवाच्य अक्षरात माझा परवाना पुरला होता.

शामलाताईंना दाखवले. त्यांनी आकडा वाचला आणि शांतपणे भजीचे पीठ भिजवायला घेतले. "वही मराठीत आहे ना?"

"हो ताई."

"त्या बाईला मराठी येतं?"

"नाही."

"मग मेल्या, वाच की पुलाजवळ! तुला कोण धरणार आहे, सरस्वती?"

तीन रात्री मी पंख्याकडे बघत पडलो होतो (इथे पंखा नसतो, नुसत्या छताकडे). माझे शिक्षण बेताचे, पण लिहिलेले एक आणि वाचले दुसरे असे मी कधी केले नाही. आणि दुसरीकडे परतीचे विमान दिसत होते.

सोमवारी हॉल भरला. हॉलंड २५ जूनच्या रविवारीच हरून बाहेर पडले होते, त्यामुळे लोकांना दुसरा उद्योग नव्हता. मी उभा राहिलो, वही उघडली, वर पाहिले, आणि शामलाताईंच्या आणि माझ्याही लक्षात न आलेली एक गोष्ट तेव्हा दिसली. ज्यांची मते मी बदलून वाचणार होतो, ते सगळे समोर बसले होते. चौथ्या घरातल्या आजीबाई तर पहिल्या रांगेत, कानाचे यंत्र माझ्याकडे वळवून. पुण्याचे गृहस्थ तर मराठी वाचणारे, आणि माझ्या मागेच चष्मा पुसत उभे.

मी जसेच्या तसे वाचले. पाऊण तास लागला. आपापले वाक्य आले की माणसे मान डोलवत. संपल्यावर हानेकेबाईंनी विचारले, "आणि तुझे मत कुठे आहे?" मी वही पुन्हा चाळली. एकशे अठ्ठावन्न दारे वाजवली, पण स्वतःचे राहिले होते. तेव्हा मी न लिहिलेले बोललो, मोडक्या डचमध्ये: पेटी तिथे आली तर वास येईल, वास आला तर दुकान जाईल, दुकान गेले तर मला हा देश सोडावा लागेल, म्हणून माझे मत 'नको'.

आजीबाई उठल्या आणि म्हणाल्या, "हे तू माझ्या घरी कॉफी पिताना का नाही सांगितलंस, वेड्या?"

इथे मतदान करत नाहीत. सगळ्यांना थोडे थोडे नाराज करून होईपर्यंत बोलतात. पावणेदहाला ठरले: पेटी दुकानाजवळच, पण नऊ मीटर डावीकडे, दातांच्या डॉक्टरांच्या दारासमोर. वहीत त्यांच्या नावापुढे मी तीनदा 'घरी नव्हते' असे लिहिले होते, वेळेसकट. ते सभेलाही नव्हते, त्यामुळे कुणाचाच विरोध आला नाही. माझा परवाना राहिला.

आज सकाळी दातांचे डॉक्टर दुकानात आले. हरकत घ्यायला त्यांना सहा आठवडे आहेत आणि त्यांना सह्या हव्या आहेत. म्हणाले, "तुम्ही उत्तम गोळा करता असे ऐकले." मी अजून उत्तर दिलेले नाही.

आपला आज्ञाधारक भाचा,
सारंग

ता. क. सारण निवले आहे, म्हणून थोडक्यात. पत्र लिहिण्याचे कारण वेगळेच होते, ते वर लिहायचा धीर झाला नाही. आईचे पत्र शनिवारी आले. ती लिहिते, की १ मेच्या ग्रामसभेत सार्वजनिक शौचालय तिच्या घरामागच्या भिंतीला लागून बांधायचा ठराव एकमताने झाला. आधी ते आपल्या गोठ्याशेजारी होणार होते असेही ती लिहिते. त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. मात्र ठरावाला अनुमोदक म्हणून माझे नाव आहे आणि खाली माझी सही आहे. १ मे रोजी मी इथे चकल्या पाडत होतो. तरी कृपया पुढच्या सभेत माझी गैरहजेरी लावावी, आणि आईला घरी जाऊन, बसून, चहा घेऊन तिचे मत विचारावे.

आणखी एक. सही हुबेहूब माझ्यासारखी आली आहे, असे आई म्हणते. त्यामुळे तिची खात्री पटली आहे, आणि ती मला विचारते आहे की एवढा गावात येऊन सभेला बसलास, तर घरी जेवायला का आला नाहीस. तिला काय कळवू ते उलट टपाली लिहावे.