हातमोजे दोन जोड

शनिवार, संध्याकाळ

गुलमर्गला स्कीइंग शिकायला जायचंय, म्हणून नितीनसोबत कॉलेज रोडच्या दुकानात गेले होते. मी भारीतलं जॅकेट बघत होते. तर म्हणाला, “ते तिथे भाड्याने मिळतं. हातमोजे मात्र दोन जोड घे. एक दुपारपर्यंत भिजतो, मग बोटं ठणकतात.”

याला कसं माहीत? लग्न झाल्यापासून सांगतोय, बर्फ कधी पाहिलाच नाही. आणि बोटं ठणकतात म्हणे! व्हिडिओत पाहिलं म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

घरी आल्यावर सरळ विचारलं, “कोणासोबत गेला होतास?”

मग म्हणाला, “एकटाच. तू मला पहिल्यांदा नकार दिलास ना, त्याच आठवड्यात.”

दुकानापासून माझ्या डोक्यात कुणीतरी मुलगी घोळत होती. ती मीच निघाले.