ताईचा उजवा कान

ताईच्या बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

शाल आणि जपमाळ पोचली. शालीपेक्षा टपालच महाग पडलं; आता काही पाठवू नका. खोकला कसा आहे?

इकडे ताईकडे देवाच्या कृपेने ठीक. ताईच्या पंक बँडमध्ये चौघी बायकाच. बायकांच्या हक्काची गाणी किंचाळून म्हणतात. चौदा वर्षं ड्रम बडवून तिचा डावा कान गेला. उजवाही महिनाभराचाच सोबती, असं डॉक्टर म्हणाले. तरी काल अनवाणी बसून वाजवलं. म्हणाली, "आई, ताल पायांना कळतो गं."

"आणि बाबांचा आवाज?" मी विचारलं. ती उठून भांडी घासायला लागली.

"ढोल बडवणारी माझी मुलगी नाही," म्हणून तुम्ही नऊ वर्षं अबोला धरलात. तेच शेवटचं वाक्य तिच्या कानात राहू देऊ नका हो, पाया पडते. फोन कोणत्या दिवशी करता, उलट टपाली कळवा. उजव्या कानाला लावून बसवते तिला.

तुमची,
ताईची आई